ऑपरेशन ब्लॅक टोर्नेडो

ऑपरेशन ब्लॅक टोर्नेडो ही मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाने केलेली ओलीस-सुटकेची व दहशतवादविरोधी कारवाई होती. हे दल सर्वत्र एनएसजी या लघुनामाने ओळखले जाते. कारवाई २७ नोव्हेंबरच्या सकाळी सुरू होऊन २९ नोव्हेंबरच्या सकाळी संपली. कुलाब्यातील ताजमहाल हॉटेल, नरिमन पॉइंट येथील ओबेरॉय-ट्रायडंट हॉटेल आणि कुलाब्यातीलच नरिमन हाऊस ही ज्यूधर्मीयांची वास्तू या तीन ठिकाणी ती एकाच वेळी चालू होती. मुंबईत शिरलेल्या दहा दहशतवाद्यांपैकी आठ जण या कारवाईत मारले गेले. दलाचे मेजर संदीप उन्नीकृष्णन व हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट यांना वीरमरण आले. त्या वेळी दलाचे महासंचालक भारतीय पोलीस सेवेतील ज्योतीकृष्ण दत्त हे होते. प्रत्यक्ष कारवाईची सूत्रे लष्करातून प्रतिनियुक्तीवर आलेले ब्रिगेडियर गोविंदसिंह सिसोदिया यांच्याकडे होती. शिमला जिल्ह्यातील सिसोदिया हे मूळचे शीख रेजिमेंटचे अधिकारी असून पुढे ते सेवानिवृत्त झाले.

ओलीस या शब्दाविषयी

मराठीत ओलीस हा शब्द जुना आहे. तहाच्या अटी पाळल्या जाव्यात म्हणून तारण म्हणून ठेवलेला माणूस, असा त्याचा मूळ अर्थ. १६६५ च्या पुरंदरच्या तहाच्या वेळी बालवयातील संभाजीराजे मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत ओलीस राहिले. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईनंतर निजामाचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क याला मराठ्यांनी पुण्यात आणून ठेवले. या व्यवहारात ओलिसाचा जीव जपणे ही ओलीस ठेवणाऱ्याचीच गरज असे, कारण तारणच नष्ट झाले तर तहाला बळ उरत नसे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमान-अपहरणांमुळे हा शब्द पुन्हा रोजच्या वापरात आला, तेव्हाही हे गणित थोडेफार टिकून होते. अपहरणकर्त्याला साथीदारांची सुटका, खंडणी किंवा प्रसिद्धी असे काहीतरी हवे असे आणि ते मिळेपर्यंत प्रवासी जिवंत राहणे त्याच्या सोयीचे असे. त्यामुळे बोलणी लांबवावीत, त्याला थकवावे आणि योग्य क्षणी अचानक छापा घालावा, अशी सुटकेची पद्धत जगभर रूढ झाली. १९७६ मध्ये युगांडातील एन्टेबी विमानतळावर इस्रायलने, १९७७ मध्ये सोमालियातील मोगादिशू येथे पश्चिम जर्मनीच्या जीएसजी-९ पथकाने आणि १९८० मध्ये लंडनमधील इराणी वकिलातीत ब्रिटनच्या एसएएस पथकाने केलेल्या कारवाया या पद्धतीचे नमुने मानले जातात.

मुंबईत हे गणित उलटे होते. दहशतवाद्यांना खऱ्या अर्थाने काही मागायचे नव्हते. जास्तीत जास्त माणसे मारणे आणि ते जगाला जास्तीत जास्त वेळ दाखवत राहणे हाच त्यांचा हेतू होता. नरिमन हाऊसमधील एका दहशतवाद्याने वृत्तवाहिनीशी दूरध्वनीवरून बोलताना तक्रारी मांडल्या खऱ्या, पण तो वेळ काढण्याचाच प्रकार होता. अशा प्रसंगी वाट पाहिल्याने ओलिसाचा जीव वाचत नाही, उलट तो धोक्यात येतो. ब्लॅक टोर्नेडोतील बहुतेक निर्णय आणि तिच्यावर झालेली बहुतेक टीका समजून घेण्यासाठी हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल

१९८४ मध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरात झालेल्या ऑपरेशन ब्ल्यू स्टारमध्ये मोठी प्राणहानी झाली. रणांगणासाठी तयार केलेले सैन्य गर्दीच्या व पवित्र वास्तूत वापरण्याच्या मर्यादा तेव्हा स्पष्ट झाल्या. त्यानंतर जर्मन व ब्रिटिश पथकांच्या धर्तीवर त्याच वर्षी हे दल उभारण्यात आले. १९८६ मध्ये संसदेने त्यासाठी कायदा केला. दलाचा तळ हरियाणातील मानेसर येथे आहे. काळ्या गणवेशामुळे त्याच्या जवानांना ब्लॅक कॅट म्हणतात.

दलाची रचना दुहेरी आहे. छापा घालणारा विशेष कृती गट लष्करातून आलेल्या अधिकारी-जवानांचा असतो, तर त्याला साहाय्य करणारा विशेष रेंजर गट केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतून येतो. सर्वजण प्रतिनियुक्तीवर येतात आणि काही वर्षांनी आपापल्या मूळ पलटणीत परततात. कृती गटाच्या दोन तुकड्यांपैकी ५१ क्रमांकाची तुकडी दहशतवादविरोधी कारवाईसाठी आणि ५२ क्रमांकाची विमान-अपहरणविरोधी कारवाईसाठी आहे.

मे १९८८ मध्ये ऑपरेशन ब्लॅक थंडरमध्ये दलाने सुवर्णमंदिराला वेढा घालून अतिरेक्यांना शरण येण्यास भाग पाडले आणि मंदिराची मोठी हानी टाळली. एप्रिल १९९३ मध्ये अमृतसरला उतरवलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानावर छापा घालून त्यातील १४१ जणांना सोडवले. अपहरणकर्ता मारला गेला आणि एकाही प्रवाशाचा जीव गेला नाही. ऑपरेशन अश्वमेध या नावाने ओळखली जाणारी ही कारवाई दलाच्या इतिहासातील सर्वांत निर्दोष मानता येईल. याच्या अगदी उलट अनुभव डिसेंबर १९९९ मध्ये आला. काठमांडूहून निघालेले आयसी-८१४ हे विमान अपहरणानंतर अमृतसरला सुमारे पाऊण तास उभे होते, परंतु दल तेथे पोहोचण्यापूर्वीच ते उडाले आणि अखेर कंदाहारला गेले. सप्टेंबर २००२ मध्ये गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर हल्ला झाला, तेव्हाही दिल्लीहून विमानाने येण्यातच मोलाचे तास गेले होते. अंतराचा हा प्रश्न म्हणजे २००८ पूर्वी किमान दोनदा समोर आला होता.

हल्ल्याची पहिली रात्र

लष्कर-ए-तैयबाचे दहा दहशतवादी कराचीहून समुद्रमार्गे निघाले. वाटेत त्यांनी ‘कुबेर’ ही भारतीय मासेमारी नौका ताब्यात घेतली व तिच्यावरील माणसांना ठार केले. २६ नोव्हेंबरच्या रात्री रबरी बोटीतून ते कफ परेडजवळील मच्छीमार वस्तीच्या किनाऱ्यावर उतरले आणि दोघादोघांच्या पाच जोड्यांमध्ये विभागले गेले. एक जोडी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गेली. तेथे झालेल्या गोळीबारात ५८ जणांचा मृत्यू झाला. दुसरी लिओपोल्ड कॅफेवर गोळीबार करून ताजमध्ये शिरली, तेथे आधीच एक जोडी पोहोचली होती. उरलेल्या दोन जोड्या ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाऊस येथे गेल्या.

टर्मिनसवरून कामा रुग्णालयाकडे वळलेल्या जोडीशी झालेल्या चकमकीत दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अतिरिक्त पोलीस आयुक्त अशोक कामटे आणि पोलीस निरीक्षक विजय साळसकर हुतात्मा झाले. याच जोडीतील अजमल कसाब याला गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी केवळ हातांनी धरून ठेवले. गोळ्या अंगावर घेऊनही त्यांनी त्याची बंदूक सोडली नाही. कसाब जिवंत सापडला नसता, तर या कटाचे धागे सीमेपलीकडे नेऊन पोहोचवणे कितीतरी अवघड झाले असते.

ताजमध्ये परिमंडळ एकचे पोलीस उपायुक्त विश्वास नांगरे-पाटील आपल्या थोड्या सहकाऱ्यांसह आत शिरले. हॉटेलच्या सीसीटीव्ही कक्षातून त्यांनी दहशतवाद्यांच्या हालचालींवर लक्ष ठेवले. पोलिसांकडील शस्त्रे एके-४७ रायफलींसमोर तोकडी होती. मुंबई पोलिसांतील अनेकांच्या हाती त्या रात्री जुन्या पॉइंट थ्री-नॉट-थ्री रायफली किंवा नुसत्या लाठ्या होत्या. मध्यरात्रीनंतर नौदलाचे मार्कोस कमांडो दाखल झाले. ताजच्या चेंबर्स या भागात, जेथे अनेक पाहुणे दडून बसले होते, तेथे त्यांची दहशतवाद्यांशी अंधारात चकमक झाली. प्रवीणकुमार तेवतिया या कमांडोला गंभीर जखमा झाल्या. या चकमकीमुळे दहशतवाद्यांना तेथून मागे हटावे लागले. मार्कोसची संख्या मात्र इतकी थोडी होती की एवढ्या मोठ्या इमारतीचा ताबा घेणे त्यांना शक्य नव्हते.

मानेसर ते मुंबई

मुख्यमंत्री विलासराव देशमुख त्या रात्री केरळमध्ये होते. तेथूनच रात्री अकराच्या सुमारास त्यांनी केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांच्याकडे कमांडोंची मागणी केली. दलाने जवानांना आधीच सज्ज राहण्यास सांगितले होते, परंतु सज्ज असणे वेगळे आणि निघणे वेगळे. दलाकडे स्वतःचे विमान नव्हते. शंभरावर माणसे व त्यांचे साहित्य एकदम नेऊ शकेल असे वायुदलाचे आयएल-७६ जातीचे विमान चंदीगडला होते. ते दिल्लीला आणावे लागले. मानेसरहून जवान पालम विमानतळावर आले, सामान चढवले गेले आणि मध्यरात्र उलटून दोन तास झाल्यावर विमान निघाले. पहाटे साडेपाचच्या सुमारास ते मुंबईत उतरले. पुढचा प्रवास बेस्टच्या बसगाड्यांतून झाला. पहिली गोळी सुटल्यापासून दल प्रत्यक्ष जागेवर पोहोचेपर्यंत साधारण दहा तास गेले होते.

या दहा तासांतच बहुतेक हत्या झाल्या. म्हणून दलाने मुंबईत काय केले याच्याइतकाच, ते मुंबईत केव्हा पोहोचले हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. केंद्रीय गृहमंत्र्यांनी कमांडो किती व केव्हा येत आहेत हे त्याच रात्री जाहीरपणे सांगितले, यावरही नंतर कडक टीका झाली आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही.

ताजमधील कारवाई

ताजमहाल हॉटेलचे दोन भाग आहेत. १९०३ साली उघडलेली घुमटाची जुनी वास्तू आणि तिच्या शेजारी सत्तरच्या दशकात उभा राहिलेला मनोरा. दोन्ही मिळून साडेपाचशेहून अधिक खोल्या. जुन्या भागात लांब व्हरांडे, मोठा मध्यवर्ती जिना, एकमेकांत उघडणारी दालने, स्वयंपाकघरे आणि नोकरवर्गाच्या स्वतंत्र वाटा आहेत. बाहेरून आलेल्या माणसाला दिवसाही वाट चुकावी अशी ही रचना. वरच्या मजल्यांना दहशतवाद्यांनी आगी लावल्या होत्या, वीज गेली होती आणि धुराने जिने भरले होते. वाट दाखवण्यासाठी हॉटेलचे कर्मचारीच कमांडोंबरोबर चालले. या कर्मचाऱ्यांपैकी अनेकांनी आधीच्या रात्री पाहुण्यांना बाहेर काढताना प्राण गमावले होते. इमारतीची माहिती असल्याने त्यांना स्वतः निसटणे सोपे होते, हे लक्षात घेतले तर त्यांच्या थांबण्याचे मोल कळते.

खोली रिकामी करण्याची पद्धत सांगायला सोपी आहे. दोन किंवा अधिक जवानांची जोडी दाराच्या दोन्ही बाजूंना उभी राहते. दार उघडले की एक जण आत शिरून एक कोपरा धरतो, दुसरा विरुद्ध कोपरा धरतो. न्हाणीघर, कपाट, पलंगाखालची जागा तपासून मगच पुढच्या दाराकडे जायचे. हे शेकडो वेळा करायचे आणि दर वेळी दारामागे बंदूक आहे की घाबरलेले कुटुंब आहे हे ठाऊक नसायचे. हॉटेलने पाहुण्यांना दार उघडू नका असे सांगितले होते आणि तो सल्ला योग्यच होता. मात्र त्यामुळे आपण सुटकेसाठी आलो आहोत हे बंद दाराआडच्या माणसाला पटवणे कमांडोंना जड गेले. बाहेरचे लोक कारवाई इतकी लांबली कशी, असे विचारत होते. त्याचे उत्तर मोठ्या अंशी या दारांत आहे. नुसते दहशतवादी मारायचे असते तर स्फोटके व आग यांनी काम लवकर झाले असते. आत शेकडो माणसे जिवंत असताना तो मार्ग बंद होता.

२७ तारखेच्या मध्यरात्रीनंतर मेजर उन्नीकृष्णन आपल्या पथकासह मध्यवर्ती जिन्याने वर जात असताना त्यांच्यावर गोळीबार झाला. सहकारी कमांडो सुनीलकुमार जखमी झाला. त्याला सुरक्षित हलवण्याची व्यवस्था करून उन्नीकृष्णन यांनी एकट्याने दहशतवाद्यांचा पाठलाग केला. वर येऊ नका, मी त्यांना पाहतो, असे त्यांनी सहकाऱ्यांना सांगितल्याचे नोंदले गेले आहे. पुढे झालेल्या चकमकीत ते मारले गेले. मूळचे बिहार रेजिमेंटचे असलेले उन्नीकृष्णन तेव्हा एकतीस वर्षांचे होते. त्यांच्या दबावामुळे चारही दहशतवादी हॉटेलच्या जुन्या भागाच्या एका टोकाला, खालच्या उपाहारगृहांच्या परिसरात कोंडले गेले आणि वरच्या मजल्यांकडे परतण्याची त्यांची वाट बंद झाली. २९ तारखेच्या सकाळी त्या भागात स्फोट व गोळीबार झाला, आग भडकली आणि अखेरच्या दहशतवाद्याचा देह खिडकीतून बाहेर पडला. त्यानंतर महासंचालक दत्त यांनी ताज मुक्त झाल्याचे जाहीर केले. खोल्यांची तपासणी त्यानंतरही चालू राहिली.

ओबेरॉय-ट्रायडंट

येथील दोघे दहशतवादी ओबेरॉयच्या वरच्या मजल्यांवर जाऊन बसले होते. कमांडोंनी मजल्यामागून मजला मोकळा करत पाहुण्यांना बाहेर काढले आणि २८ तारखेच्या दुपारी दोघांनाही ठार केले. तीन ठिकाणांपैकी ही कारवाई सर्वांत आधी संपली.

नरिमन हाऊस

ही पाचमजली इमारत कुलाब्याच्या दाट वस्तीत, अरुंद गल्लीत आहे. रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग व त्यांची पत्नी रिव्का तेथे ज्यू प्रवाशांसाठी केंद्र चालवत. २७ तारखेच्या सकाळी त्यांचा दोन वर्षांचा मुलगा मोशे याला घेऊन त्याची दाई सँड्रा सॅम्युएल इमारतीबाहेर निसटली. जिवावर उदार होऊन तिने हे केले. मोशेच्या आईवडिलांचा आणि आत असलेल्या इतर ओलिसांचा मात्र अंत झाला.

आजूबाजूच्या इमारतींतील रहिवाशांना हलवल्यावर २८ तारखेच्या सकाळी वायुदलाच्या हेलिकॉप्टरमधून कमांडो दोरावरून गच्चीवर उतरले. वरून खाली येताना जिन्यात त्यांना तीव्र प्रतिकार झाला. पॅराशूट रेजिमेंटच्या विशेष दलातून आलेले हवालदार बिष्ट हातबॉम्ब व गोळ्यांचा मारा होत असतानाही पुढे राहिले, त्यामुळे पथकाला आत शिरता आले. त्यात ते धारातीर्थी पडले. संध्याकाळी स्फोटकांनी भिंत फोडल्यानंतर दोन्ही दहशतवादी मारले गेले. उन्नीकृष्णन व बिष्ट यांना २६ जानेवारी २००९ रोजी मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

दूरचित्रवाणीचा प्रश्न

हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो साऱ्या देशाने थेट पाहिले. पाकिस्तानात बसून इंटरनेटवरील दूरध्वनीने दहशतवाद्यांना सूचना देणारे त्यांचे सूत्रधारही तीच दृश्ये पाहत होते. हे संभाषण भारतीय यंत्रणांनी ध्वनिमुद्रित केले होते. सूत्रधार वाहिन्यांवरील बातम्या पाहून बाहेर काय चालले आहे हे आत सांगत असल्याचे त्यातून दिसते. कसाबच्या अपिलावरील २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे त्याचे समर्थन होऊ शकत नाही असे म्हटले. दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करण्यास मनाई करणारा आणि नेमलेल्या अधिकाऱ्याच्या ठरावीक वेळच्या निवेदनापुरतेच वार्तांकन मर्यादित ठेवणारा नियम २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणी नियमांत घालण्यात आला. हल्ला आणि नियम यांत सहा वर्षांहून अधिक काळ गेला.

मूल्यमापन

हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला आणि तीनशेच्या आसपास लोक जखमी झाले. दलाने सहाशेहून अधिक लोकांची सुटका केल्याचे सांगितले जाते. यात दडून बसलेले पाहुणे व कर्मचारी मोठ्या संख्येने होते. काटेकोर अर्थाने दहशतवाद्यांच्या ताब्यातील ओलीस त्या मानाने थोडे होते आणि त्यांच्यापैकी अनेकांना दल येण्यापूर्वीच ठार करण्यात आले होते. तीन ठिकाणी एकाच वेळी, नकाशांची पुरेशी माहिती नसताना आणि जळत्या इमारतीत दलाने केलेले काम, त्याचे दोनच जवान गमावून, असाधारण म्हणावे लागते. दोष आहे तो दलापर्यंत पोहोचण्याच्या आणि दल पोहोचवण्याच्या व्यवस्थेत.

राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान व व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने गुप्तवार्तेच्या सूचनांवरील कार्यवाही, पोलिसांची शस्त्रे व दारूगोळा आणि वरिष्ठ पातळीवरील समन्वय यांतील उणिवा दाखवल्या. राजकीय जबाबदारीही स्वीकारली गेली. शिवराज पाटील यांनी ३० नोव्हेंबरला राजीनामा दिला, पाठोपाठ उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील आणि विलासराव देशमुख पायउतार झाले. देशाचे गृहमंत्री आणि राज्याचे मुख्यमंत्री दोघेही मराठवाड्यातील लातूर जिल्ह्याचे, आणि देशमुखांच्या जागी आलेले अशोक चव्हाण शेजारच्या नांदेडचे. त्यामुळे या भागात त्या घडामोडींची चर्चा विशेष झाली.

नंतरचे बदल

२००९ च्या मध्यावर मुंबई, कोलकाता, चेन्नई व हैदराबाद येथे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाची प्रादेशिक केंद्रे सुरू झाली. मुंबईचे केंद्र मरोळ येथे आहे. आणीबाणीच्या वेळी कोणत्याही नोंदणीकृत भारतीय विमान कंपनीचे विमान मागवून घेण्याचा अधिकार दलाच्या महासंचालकांना देण्यात आला. राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा २००८ च्या डिसेंबर अखेरीस झाला. महाराष्ट्र पोलिसांनी पोलीस दलातूनच निवडलेल्या जवानांचे फोर्स वन हे स्वतंत्र पथक २००९ मध्ये उभारले. त्याचा तळ मुंबईत गोरेगाव येथे आहे. दिल्लीहून मदत येईपर्यंतचे पहिले तास सांभाळणे हे या पथकाचे मुख्य काम आहे.

कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. मोशे होल्ट्झबर्ग इस्रायलमध्ये आजी-आजोबांकडे वाढला. जानेवारी २०१८ मध्ये तो प्रथमच मुंबईत परतला आणि नरिमन हाऊसमध्ये गेला.